गरम होऊन बंद पडणारा कन्सोल आणि त्यातून बाहेर पडणारी हवा

माझा सात वर्षे जुना गेम कन्सोल गेल्या काही महिन्यांपासून खेळ सुरू केल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत अतिउष्णतेची सूचना दाखवून बंद पडू लागला होता. चित्रपट पाहताना तो तासन्‌तास शांत असे, मेनूवर नुसता सोडून दिला तरी काही तक्रार नसे. पण एखादा मोठा खेळ लावला की पंख्याचा आवाज चढत जाई आणि अखेरीस पडदा काळा होई. वॉरंटी केव्हाच संपलेली असल्यामुळे तो स्वतः उघडायचे ठरवले आणि तिसऱ्या वेळी उघडल्यावर दुरुस्त केला. त्यात जे कळले ते थोडे तपशिलाने लिहितो, कारण ही दुरुस्ती हाताच्या कौशल्यापेक्षा निदानावर अधिक अवलंबून आहे.

मोठा खेळ चालू असताना असा कन्सोल साधारण १५० ते २०० वॉट वीज घेतो आणि ती जवळजवळ सगळी अखेरीस उष्णता होऊनच बाहेर पडते. या उष्णतेची वाट ठरलेली असते: सिलिकॉनच्या चिपमधून थर्मल पेस्टच्या (चिप आणि धातू यांच्यामध्ये लावलेल्या उष्णतावाहक लेपाच्या) पातळ थरात, तिथून हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता शोषून हवेत सोडणाऱ्या भागाच्या, धातूच्या तळाशी, मग ॲल्युमिनियमच्या दाट पात्यांमध्ये आणि शेवटी पंख्याने ढकललेल्या हवेत. ही वाट नेमकी कुठे अडली आहे हे कन्सोल न उघडताही बऱ्याच अंशी ओळखता येते. पंखा जोरात फिरत असताना मागच्या झडपेसमोर हात धरावा. हवा अतिशय गरम पण मंद येत असेल, तर उष्णता पात्यांपर्यंत पोहोचते आहे आणि पुढे हवेची वाट तुंबली आहे असे समजावे. उलट हवा भरपूर पण जेमतेम कोमट येत असेल आणि तरीही पंखा थांबायला तयार नसेल, तर उष्णता चिपपाशीच अडकली आहे, म्हणजे दोष पेस्टचा किंवा हीटसिंकच्या पकडीचा आहे. वायुवीजनाच्या फटी भिंतीला किंवा कपाटाच्या पाठीला चिकटलेल्या नाहीत, हे मात्र त्याआधी पाहून घ्यावे.

माझ्या कन्सोलमधून येणारी हवा मंद आणि कढत होती. पहिल्या वेळी मी वरचे आवरण काढले, पंख्याची पाती मऊ ब्रशने पुसली, फटींमधली धूळ काढली आणि काम झाले असे मानून आवरण पुन्हा बसवले. दोन दिवसांत कन्सोल पूर्वीसारखाच बंद पडला. दुसऱ्या वेळी पंखाच सोडवून बाहेर काढला, तेव्हा खरा अडथळा दिसला. पंखा आणि हीटसिंकच्या पात्या यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत, पात्यांच्या तोंडावर, बुरणुसासारखा घट्ट विणलेला धुळीचा थर बसला होता. पंखा हवा आत ढकलतो, त्यामुळे धूळ पात्यांच्या आतल्या बाजूला साठत जाते. ती पुढच्या फटींतून दिसत नाही आणि मागच्या झडपेतूनही दिसत नाही. तो थर चिमट्याने धरला तेव्हा अखंड पट्टीसारखा निघून आला. बाहेरून दाबलेल्या हवेचा कॅन मारून समाधान मानले असते, तर हाच थर पात्यांमध्ये आणखी घट्ट बसला असता. कॅन वापरताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, कारण हवेच्या झोताने पंखा मर्यादेपेक्षा वेगाने फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. आणि कॅन उभाच धरावा, अन्यथा त्यातून द्रव बाहेर पडतो.

यानंतर कन्सोल सव्वा तास चालला आणि पुन्हा बंद पडला. मी परत हात धरून पाहिला. आता हवा जोरात येत होती, पण कोमट होती. वाटेचा एक अडथळा दूर झाल्यावर दुसरा उघडा पडला होता, म्हणून मदरबोर्डपर्यंत जाणे भाग पडले.

इथे घाई करू नये. वीजपुरवठ्याची वायर काढून चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे, अंगावरील स्थिर विद्युत काढण्यासाठी जमिनीशी जोडलेल्या धातूला स्पर्श करावा आणि आतील पॉवर सप्लायची पेटी अजिबात उघडू नये. तिच्यातील वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यानंतरही काही काळ ३०० व्होल्टच्या वर दाब असू शकतो. स्क्रूंसाठी मी एका पुठ्ठ्यावर कन्सोलची आकृती काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी टोचून ठेवला होता. आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू गेला तर तो थेट बोर्डात रुततो. रिबन केबल (पट्टीसारखी चपटी वायर) ओढण्याआधी तिच्या कनेक्टरची बारीक खिट्टी उचलावी लागते. ती नखाने उचलली तरी पुरते.

हीटसिंक निघाल्यावर दिसलेली पेस्ट राखाडी खडूसारखी कोरडी झाली होती आणि चिपच्या एका कोपऱ्यावर जवळजवळ उरलीच नव्हती. धातू आणि चिप कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यामध्ये सूक्ष्म पोकळ्या राहतात, आणि हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे: तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४००, तर हवेची जेमतेम ०.०२६ वॉट प्रति मीटर-केल्विन. पेस्ट स्वतः तांब्याच्या जवळपासही जात नाही. तिचे काम एवढेच की त्या पोकळ्यांमधून हवेला हुसकावून लावायचे. म्हणूनच जाड थर लावणे घातक आहे. जुनी पेस्ट मी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसली आणि नवी पेस्ट चिपच्या चारही कोपऱ्यांपर्यंत पातळ पसरवली, कारण इथे चिपवर धातूचे झाकण नव्हते आणि उघडा राहिलेला कोपरा तसाच तापत राहिला असता. मेमरीवरचे मऊ थर्मल पॅड शाबूत होते, ते तसेच ठेवले. बदलावे लागलेच तर नेमक्या त्याच जाडीचे घ्यावे लागतात, अन्यथा हीटसिंक चिपवर नीट टेकत नाही. पकडीचे स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांतून थोडे थोडे आवळले, म्हणजे दाब सगळीकडे सारखा बसतो.

ही पद्धत सरसकट लागू नाही. २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ मध्ये पेस्टऐवजी द्रवधातू आहे. तो विजेचा वाहक आहे, सांडला तर बोर्डावर शॉर्ट सर्किट होऊ शकते. त्या कन्सोलची धूळ काढावी, हीटसिंकला मात्र हात लावू नये.

आणखी एका गोष्टीबद्दल मला मनापासून सांगायचे आहे. २००५ च्या एक्सबॉक्स ३६० मध्ये दर्शनी भागावर लाल दिवे लावून यंत्र बंद पाडणारा बिघाड इतका पसरला होता की मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये त्यासाठी वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली. त्या काळात कन्सोल टॉवेलमध्ये गुंडाळून मुद्दाम तापवण्याचा उपाय पसरला आणि तो अजूनही सुचवला जातो. शिसेविरहित डाख वितळायला सुमारे २१७ अंश सेल्सिअस लागतात. टॉवेलमध्ये ते तापमान येत नाही. तापल्यामुळे डाखाचा तडकलेला जोड क्षणभर टेकतो, कन्सोल काही दिवस चालतो आणि त्या काळात उरलेल्या भागांचे आयुष्य कमी होते. ज्याला आपले यंत्र वाचवायचे आहे, त्याने हे कधीही करू नये.

माझा कन्सोल आता सलग तीन तास चालतो. मागून येणारी हवा जोरकस आहे आणि पूर्वीच्या कोमट हवेपेक्षा स्पष्टपणे गरम आहे, म्हणजे चिपची उष्णता बाहेर पोहोचते आहे. यंत्र थंड असतानाही पंख्याची बारीक घरघर मात्र ऐकू येते, ती बेअरिंगची असावी; पंख्यावर लिहिलेले व्होल्ट, अँपिअर आणि कनेक्टरच्या तारांची संख्या टिपून घेतली आहे आणि तसाच पंखा मिळाला की तो बदलणार आहे.