मिक्सरची लिंक आणि ‘जाहिरात’ची पट्टी

दिवाळी सेलच्या तोंडावर एका मराठी पाककृतींच्या चॅनलचं काम आलं. मिक्सर कंपनीच्या एजन्सीने मेलमध्ये दम भरला होता: सेल सुरू व्हायच्या आत जुन्या-नव्या सगळ्या पोस्टवर जाहिरातीची सूचना नीट लागली पाहिजे, नाहीतर कमिशनचा कोड बंद. चॅनल चालवणाऱ्या ताई निर्धास्त होत्या. “अहो, बायोमध्ये लिहिलंय की सगळं!”

नेमकं तेच चालत नाही. भारतीय जाहिरात मानक परिषदेचे, म्हणजे ॲस्कीचे, इन्फ्लुएन्सरसाठीचे नियम 14 जून 2021 पासून लागू आहेत. बायोत किंवा ‘आमच्याविषयी’ पानावर एकदाच टाकलेली सूचना त्यांत पुरेशी धरत नाहीत. समोर आलेली रील बघणारा माणूस प्रोफाइल उघडायला जात नाही. सूचना त्या-त्या पोस्टवर हवी, आणि तीही पहिल्या दोन ओळींत, ‘आणखी वाचा’ न दाबता दिसेल अशी.

ताईंची दुसरी हरकत जास्त रास्त वाटणारी होती. मिक्सर कंपनीने आपणहून पाठवला, मी मागितला नव्हता, मग जाहिरात कसली? पण न मागता आलेली फुकट वस्तूसुद्धा नियमांत ‘संबंध’ म्हणूनच मोजली जाते. सवलत, सहल, हॉटेलचा मुक्काम, घरातलं कोणी त्या कंपनीत नोकरीला असणं, हेही त्यातच. इथे तर वर लिंकचं कमिशन होतं. ॲस्की ही उद्योगाची स्वनियमन संस्था, पण तिच्या मागे 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आणि जून 2022 ची सरकारी मार्गदर्शक तत्त्वं उभी आहेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण 10 लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा घडलं तर 50 लाखांपर्यंत. शिफारस करणाऱ्यावर वर्षभराची बंदीही येऊ शकते.

कामाची सुरुवात लिंकांच्या यादीपासून केली. ॲमेझॉनची लांब लिंक ओळखायला सोपी: तिच्यात ‘टॅग’ असतो, म्हणजे कमिशन कोणाला जायचं ते सांगणारा आयडी, आणि भारतातला आयडी ‘-21’ने संपतो. तेवढं शोधलं की बहुतेक पोस्ट सापडतात. छोट्या केलेल्या लिंकांत टॅग दिसत नाही. त्या एकेक उघडून बघाव्या लागतात. हे काम कंटाळवाणं आहे, पण इथे टाळाटाळ केली की नेमकी जास्त वाचली जाणारी पोस्ट सुटते.

वेबसाइटवर एक वेगळाच घोळ निघाला. लॅपटॉपवर उजव्या पट्टीत सूचनेची व्यवस्थित चौकट दिसत होती. मोबाइलवर मात्र ही उजवी पट्टी लेखाच्या खाली जाते, थेट प्रतिक्रियांच्याही खाली. म्हणजे मोबाइलवरच्या वाचकाला खरेदीचं बटण आधी आणि सूचना शेवटी, तीही तिथवर पोचला तर. चौकट काढून शीर्षकाखाली, पहिल्या लिंकच्या वर, एक ओळ टाकली: ‘या लेखातल्या लिंकवरून खरेदी केलीत तर आम्हाला कमिशन मिळतं. हा मिक्सर कंपनीने मोफत दिला आहे.’ ‘तुम्हाला एक रुपयाही जास्त पडत नाही’ हे शेपूट बरेच जण जोडतात. मी ते काढायला लावतो. दुसऱ्या दुकानात तीच वस्तू स्वस्त मिळत असेल तर ते वाक्य अंगाशी येतं. ॲमेझॉनच्या कमिशन कार्यक्रमाचं स्वतःचं ठरलेलं वाक्यही साइटवर लागतंच, तो त्यांच्या कराराचा भाग आहे. पण त्याने वरच्या ओळीची गरज संपत नाही.

ओळ टाकूनही एका फोनवर ती दिसेना. आधी कॅशेवर, म्हणजे फोनने साठवलेल्या पानाच्या जुन्या प्रतीवर, संशय घेतला, ती पुसली, तरी नाही. कारण निघालं ॲडब्लॉकर, म्हणजे जाहिराती लपवणारं साधन. डिझायनरने त्या ओळीला कोडमध्ये दिलेलं क्लासचं नाव ‘ॲड’ या शब्दाने सुरू केलं होतं, आणि अशा नावाच्या बऱ्याच गोष्टी ॲडब्लॉकर लपवून टाकतो. साधं ‘टीप’ असं नाव दिलं, लगेच दिसू लागली. लिंकच्या कोडमधली ‘स्पॉन्सर्ड’ ही खूण (rel ॲट्रिब्यूट) तर गूगलसाठी असते. ती वाचकाला दिसत नाही, त्यामुळे सूचना म्हणून तिचा हिशेब धरू नये.

रील होती 45 सेकंदांची. व्हिडिओ 15 सेकंदांपर्यंतचा असेल तर सूचना किमान 3 सेकंद हवी; 15 सेकंद ते 2 मिनिटांच्या मध्ये असेल तर एकूण लांबीच्या एक तृतीयांश वेळ. म्हणजे इथे 15 सेकंद. मूळ रीलमध्ये ती शेवटी 3 सेकंद होती, तीही अगदी तळाला, जिथे इन्स्टाग्रामचं खातेदाराचं नाव आणि मजकूर वरून चढतो. एडिटिंगच्या स्क्रीनवर ते चढत नाही, म्हणून करणाऱ्याच्या लक्षात येत नाही. खाली मजकुरात ‘जाहिरात’ होतं, पण वीसेक हॅशटॅगच्या गर्दीत. जानेवारी 2023 च्या सरकारी मार्गदर्शिकेत हॅशटॅगच्या आणि लिंकांच्या घोळक्यात सूचना मिसळू नये असं म्हटलंय, आणि व्हिडिओत ती दिसायलाही हवी, ऐकूही यायला हवी. लेबल प्रेक्षकांना कळणाऱ्या भाषेतलं हवं. मराठी रीलला ‘जाहिरात’च बरं.

चढवलेल्या रीलचा मजकूर बदलता येतो, चित्र बदलत नाही. ती काढून नवी केली. वरच्या एक तृतीयांश भागात पिवळी पट्टी, त्यावर काळी अक्षरं, पहिल्या सेकंदापासून सोळाव्यापर्यंत; सुरुवातीलाच ताईंच्या आवाजात ‘ही जाहिरात आहे, हा मिक्सर मला कंपनीने दिला आहे.’

दावे तपासताना वॉरंटी अडली. ताई व्हिडिओत म्हणत होत्या ‘5 वर्षांची वॉरंटी’. खोक्यातल्या कार्डावर 5 वर्षं फक्त मोटरला, बाकी यंत्राला 2. एजन्सीच्या ब्रीफमध्येच अर्धं वाक्य आलं होतं. तांत्रिक दाव्यांची खातरजमा करणं हे इन्फ्लुएन्सरचंही काम आहे, ‘त्यांनी लिहून दिलं’ एवढं पुरत नाही. एजन्सीकडून लेखी खुलासा मागवला आणि तो मेल फाइलला लावला. ‘सगळ्यात कमी आवाज’ या दाव्याला पुरावा आलाच नाही. ते वाक्य गेलं. लेखात हाताने लिहिलेली किंमतही काढली. ॲमेझॉनच्या धोरणानुसार किंमत त्यांच्याच साधनातून दाखवायची असते, आणि सेलमध्ये ती बदलत राहते.

व्हॉट्सॲपवरचा मेसेज फॉरवर्ड होत फिरतो, त्याच्यासोबत ना पान जातं ना बायो. म्हणून सूचना मेसेजच्या पहिल्या ओळीत, लिंकच्या आधी. पाठवल्यावर 15 मिनिटांनंतर तो दुरुस्त करता येत नाही, त्यामुळे आधी स्वतःलाच पाठवून बघायचा.

सगळ्यात जड गेला तो यूट्यूबचा 11 मिनिटांचा व्हिडिओ. ‘सशुल्क जाहिरात समाविष्ट’ची खूण केलेली होती, पण ती सुरुवातीचे 10 सेकंदच दिसते. 2 मिनिटांपेक्षा मोठ्या व्हिडिओत वस्तूचा विषय चालू असेल तेवढा पूर्ण वेळ लेबल हवं, आणि मिक्सर यायचा चौथ्या मिनिटाला, जायचा सातव्याला. चढवलेल्या व्हिडिओवर नवी अक्षरं उमटवता येत नाहीत. पुन्हा चढवला तर व्ह्यूज आणि कॉमेंट्स शून्यावर. उरला एकच मार्ग, यूट्यूबच्याच एडिटरमध्ये ती 3 मिनिटं कापणं. व्ह्यूज लाखाच्या वर असले तर ही सोय यूट्यूबच्या भागीदार कार्यक्रमातल्या चॅनललाच मिळते. ताई त्यात होत्या.

“तीन मिनिटं कापायची म्हणजे माझी वाटणाची सगळी पद्धत जाणार,” ताई म्हणाल्या. खरंच होतं. शेवटी कापलं, आणि वाटणाचा भाग पट्टीसकट स्वतंत्र व्हिडिओ म्हणून चढवला. कापल्यावर वर्णनातल्या पुढच्या सगळ्या वेळा 3 मिनिटांनी मागे आणाव्या लागल्या. कंपनीला पाठवायचे स्क्रीनशॉट घेण्याआधीच त्या दुरुस्त केल्या. जुन्या कॉमेंट्समध्ये लोक अजून ‘4:10 ला दाखवलेलं भांडं कोणतं’ असं विचारतात. त्यांच्यासाठी वर एक कॉमेंट पिन केली आहे, तिची पहिली ओळ ‘जाहिरात’ आणि मग नव्या व्हिडिओची लिंक.