प्रत्येक ऑप्शनपुढे एका जागेचे नाव

गेल्या तीन वर्षांत मला एक प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे. वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्याच्या फाटकाशी, उपवनच्या तलावावर सकाळी चालताना, एकदा तर गडकरी रंगायतनच्या मध्यंतरात चहाच्या रांगेतही तो आला. "ताई, तुमच्या पोर्शला तुम्ही कोणकोणते ऑप्शन घेतलेत, आणि आम्ही घ्यायची झाली तर कोणते घ्यावेत?" विचारणाऱ्यांपैकी काही जण खरोखर गाडी नोंदवायला निघालेले असतात, म्हणून या प्रश्नाचे उत्तर एकदा नीट लिहून ठेवते.

माझी गाडी २०२२ मध्ये नोंदवलेली ९११ करेरा आहे. तीन लिटरचे, दोन टर्बोंचे, सहा सिलिंडरचे इंजिन मागे आणि ३८५ अश्वशक्ती, एवढे सगळे मूळ किमतीत मिळते. त्यापुढे जी यादी सुरू होते ती वाचायला मला दोन रविवार लागले. सीटबेल्टचा रंग, किल्लीचा रंग, एसीच्या जाळीच्या पट्ट्यांना चामडे, डोकेटेकूवर कंपनीचे चिन्ह, उजेड देणारी उंबरठ्याची पट्टी, पेट्रोलच्या टाकीचे ॲल्युमिनियमसारखे दिसणारे झाकण, इथपासून सिरॅमिक ब्रेकपर्यंत सगळे त्या एकाच यादीत असते. आपल्याकडे ही गाडी पूर्ण तयार होऊन आयात होते; त्यामुळे कारखान्यात बसवलेला प्रत्येक ऑप्शन गाडीच्याच बिलात जातो, आणि त्यावर आयात शुल्क, मग जीएसटी, मग रोड टॅक्स आणि दर वर्षीचा विमा असे एकावर एक चढत जाते. जर्मनीत ज्या वस्तूकडे कोणी 'असू दे' म्हणून बोट दाखवत असेल, तिची ठाण्यातली किंमत ऐकल्यावर ती वस्तू आपल्याला कशासाठी हवी आहे, याचे उत्तर आपल्याजवळ असलेच पाहिजे.

ते उत्तर शोधण्यासाठी मी कारखान्यात जसा जॉबचा तक्ता करते तसा एक तक्ता केला. डावीकडे ऑप्शनचे नाव लिहिले, आणि उजवीकडे मी तो ज्या ठिकाणी प्रत्यक्ष वापरीन त्या जागेचे नाव. 'कधीतरी' किंवा 'हायवेला' असे लिहायचे नाही, नावानिशी जागा लिहायची. माझे रोजचे जाणे हिरानंदानी इस्टेटपासून घोडबंदर रोडने कापूरबावडी, माजिवडा आणि पुढे वागळे इस्टेट. महिन्यातून एकदा कामासाठी ऐरोली पुलावरून तुर्भे. आणि माहेर ओतूरला, म्हणून कल्याण, मुरबाड, सरळगाव, टोकावडे आणि माळशेज घाट. ज्या ऑप्शनपुढे यांपैकी एकही जागा लिहिता आली नाही, त्यावर मी काट मारली.

सर्वांत आधी जागा मिळाली ती फ्रंट ॲक्सल लिफ्टला, म्हणजे बटण दाबले की गाडीचे नाक वर उचलणाऱ्या यंत्रणेला, आणि तिची जागा घरापासून शंभर पावलांवर होती. आमच्या इमारतीच्या तळघरातून वर येणारा उतार जिथे रस्त्याला मिळतो तिथे एक तीव्र कोन आहे, आणि त्याच्या पुढे दोन मीटरवर सोसायटीने विकत आणून बसवलेला रबराचा स्पीड ब्रेकर आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच, गोलाईने चढत जाणारा असा सांगितला आहे. तसा तो असेल तर खाली बसकी गाडीसुद्धा सावकाश पलीकडे जाते. विकतचा रबरी गतिरोधक मात्र जेमतेम फूटभर रुंदीत तेवढ्याच घाईने वर चढतो आणि खाली उतरतो. मी चाचणीची गाडी घरी आणायला सांगितली आणि ती त्या उतारावरून अगदी इंचाइंचाने वर घेतली. आमचे रखवालदार काका टॉर्च घेऊन जमिनीवर पालथे झोपले होते. पुढच्या ओठाखाली त्यांनी आपले बोट सरकवून पाहिले आणि म्हणाले, "मॅडम, एक बोट आहे, दुसरे नाही जात." मग त्या गाडीतले लिफ्टचे बटण दाबले. नाक सुमारे ४० मिलिमीटर वर आले. काका पुन्हा झोपले आणि या वेळी त्यांची तीन बोटे आत गेली. एवढे पाहिल्यावर मला ब्रोशरमधले काही वाचायचे राहिले नाही. ही यंत्रणा जागा लक्षात ठेवते. एकदा उतारावर बटण दाबून ती नोंदवली की पुढच्या वेळी उपग्रहाच्या ठिकाणावरून गाडी आपण होऊन नाक उचलते. माझ्या गाडीत आता अशा कितीतरी जागा नोंदलेल्या आहेत, त्यांतली एक कारखान्याच्या गल्लीतल्या नाल्यावरच्या जाळीची आहे. ठाण्यात किंवा नवी मुंबईत ९११ घेणाऱ्याने बाकी सगळे ऑप्शन सोडले तरी चालतील. लिफ्ट सोडू नये. आणि ही नंतर बसवण्याची वस्तू नाही, ती पुढच्या सस्पेन्शनचाच भाग आहे.

चाकांच्या बाबतीत माझे मत अनेकांना पटत नाही, तरी ते ठाम आहे. करेराला मुळात पुढे १९ आणि मागे २० इंची चाके येतात. पैसे भरून २० आणि २१ इंची मिळतात आणि ती दिसतात सुरेख, यात शंका नाही. पण टायरवरचे आकडे वाचायला शिका. मूळचा पुढचा टायर २३५/४० आर १९ आहे, म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये २३५ च्या ४० टक्के, ९४ मिलिमीटर रबर. मोठ्या चाकाचा २४५/३५ आर २० आहे, म्हणजे साधारण ८६. मागे १०३ वरून ९२ च्या आत येतो. कागदावर हा फरक करंगळीच्या नखाएवढा वाटतो. मेट्रोच्या खांबांच्या कामाने उखडलेल्या घोडबंदर रोडवर पाण्याने भरलेल्या खड्ड्यात चाक जाते तेव्हा रिम वाचवायला तेवढेच नख मध्ये असते. या गाडीत स्टेपनी नाही, फक्त टायरमध्ये भरायचे द्रावण आणि छोटा कॉम्प्रेसर असतो. टायरची बाजू फाटली किंवा रिम वाकली तर त्या द्रावणाचा काही उपयोग नाही, आणि टोकावड्याच्या पुढे रात्री नऊ वाजता हे घडणे मला नको होते. लहान चाके घ्यायला पैसेही लागत नाहीत.

स्पोर्ट क्रोनो या पॅकेजवर मी प्रथम काट मारली होती. डॅशबोर्डवर मधोमध एक घड्याळ येते, उभ्या गाडीला पूर्ण जोराने सुटू देणारा लाँच कंट्रोल मिळतो आणि शून्यापासून शंभरचा वेग ४.२ सेकंदांऐवजी ४.० सेकंदांत गाठता येतो. ०.२ सेकंदांपुढे लिहायला माझ्या रस्त्यात जागा नव्हती. पण त्याच सुमारास मी वेट मोडबद्दल, म्हणजे ओल्या रस्त्यासाठीच्या मोडबद्दल, वाचत होते, जो या पिढीच्या प्रत्येक ९११ मध्ये मुळातच असतो. पुढच्या चाकांच्या कमानीत ध्वनी टिपणारे संवेदक बसवलेले आहेत. चाकाने उडवलेले पाणी कमानीवर आपटते त्याच्या आवाजावरून गाडी रस्ता किती ओला आहे हे ओळखते आणि चालकाला सूचना देते. मोड निवडायचा मात्र चालकानेच. मग थ्रॉटल, गिअरबॉक्स आणि चाके घसरू न देणारी यंत्रणा हे सगळे मवाळ होते. आता हा मोड कुठून निवडायचा? स्पोर्ट क्रोनो नसेल तर मधल्या पट्टीवरच्या बटणातून, म्हणजे रस्त्यावरून नजर काढून. स्पोर्ट क्रोनो असेल तर स्टिअरिंगवर एक गोल चकती येते आणि वेट त्या चकतीवरच असतो. जुलैत माळशेजच्या बोगद्यातून बाहेर पडताच रस्त्यावर कड्यावरून धबधबा कोसळत असतो, त्या क्षणी मागे बसलेल्या इंजिनाचे ओझे चालकाला स्पष्ट जाणवते, आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर असावेत असेच वाटते. मी काट खोडली आणि पुढे 'माळशेज' असे लिहिले. घड्याळाकडे मी आजवर फारसे पाहिलेले नाही. चकती मात्र पावसाळ्याचे चार महिने अंगठ्याखाली असते.

माळशेजचेच नाव मॅट्रिक्स हेडलॅम्पपुढेही आले. प्रत्येक दिव्यात स्वतंत्रपणे चालणारे ८४ एलईडी असतात, आणि समोरून येणारे वाहन ज्या भागात असेल तेवढाच भाग अंधारा करून बाकीचा रस्ता हायबीममध्ये ठेवला जातो. मुरबाडच्या पुढे दुभाजक नाही, समोरून भाजीचे ट्रक येतात, आणि डाव्या कडेने बिनदिव्याची बैलगाडी किंवा पायी चाललेले कोणी असू शकते. ती कड उजळलेली राहते, यासाठी मी हे पैसे पुन्हा भरीन. २०२४ मध्ये आलेल्या नव्या ९११ मध्ये हे दिवे मुळातच दिले आहेत, म्हणून आता नोंदणी करणाऱ्यांना तो खर्च नाही. जुन्या गाडीची यादी पाहून निर्णय घेऊ नये, हे त्यावरून ध्यानात येईल.

सिरॅमिक ब्रेकबद्दल सर्वांत जास्त विचारले जाते, बहुधा डिस्कला पकडणाऱ्या पिवळ्या कॅलिपरमुळे. त्या डिस्क बिडाच्या डिस्कच्या साधारण निम्म्या वजनाच्या असतात आणि रेसट्रॅकवर फेरीमागून फेरी मारताना तापून हार मानत नाहीत. ट्रॅक म्हणाल तर चेन्नईजवळ आहे, कोइम्बतूरला आहे, ग्रेटर नोएडाला आहे; माझ्या तक्त्यात यांपैकी काही नव्हते. घाट उतरताना गिअर खाली आणला की बिडाचे ब्रेक पुरेसे होतात. शिवाय सिरॅमिक डिस्कची कड नाजूक असते. चाक काढताना रिमचा धक्का लागला तरी ती टवकते, आणि आपल्याकडे चाक कोण, कुठे, कशाने काढील याची खात्री देता येत नाही.

तापणारे स्टिअरिंग, सनरूफ, रंगीत सीटबेल्ट, चामड्याच्या जाळ्या, चिन्हे: यांच्याविषयी फार लिहीत नाही, कारण तक्त्याने त्यांचा निकाल पाच मिनिटांत लावला. गाडीच्या मागचे मॉडेलचे नाव काढून टाकायला कंपनी पैसे घेत नाही, ते मी काढून घेतले. स्पोर्ट एक्झॉस्टपुढे मी खूप वेळ थांबले. त्या इंजिनाचा आवाज मला मनापासून आवडतो. पण मी सकाळी साडेसहाला निघते, आणि आमच्या तळघराच्या डोक्यावर पहिल्या मजल्यावर एक आजारी आजोबा राहतात. काट मारली.

एका क्षुल्लक वाटणाऱ्या ऑप्शनची मात्र शिफारस करते: विजेवर मिटणारे आरसे. गाडीची रुंदी १,८५२ मिलिमीटर आहे आणि आरसे धरून २,०२४. म्हणजे दोन्ही आरसे मिळून १७२ मिलिमीटर जागा खातात. ठाण्यातल्या नव्या इमारतींत गाड्या एकावर एक ठेवणारे यांत्रिक पार्किंग आहे, आणि त्याच्या लोखंडी खांबांमध्ये ही गाडी नेताना ते १७२ मिलिमीटरच सगळे ठरवतात. नोंदणीपूर्वी टेप घेऊन स्वतः खाली जा आणि दोन खांबांमधले अंतर मोजा. बिल्डरच्या नकाशावर विसंबू नका. मी मोजले, म्हणून आरशांबरोबर चारी बाजूंचा कॅमेराही घेतला.

तक्ता करूनही एका ठिकाणी मी चुकले, आणि त्याची खंत आजही आहे. सीटमधून हवा खेळवणारा ऑप्शन मी सोडला. मी सीटची निवड जानेवारीत, शोरूमच्या गार हवेत बसून केली आणि त्या ओळीपुढे जागा लिहायच्या ऐवजी 'एसी पुरेसा' असे लिहिले. माझा स्वतःचाच नियम मी मोडला होता. मे महिन्यात दुपारी चार वाजता तीन हात नाक्याच्या सिग्नलला, पश्चिमेचे ऊन मागच्या तिरक्या काचेतून आत येत असताना, एसी चेहऱ्यावर गार हवा सोडत असतो आणि पाठ चामड्याला चिकटलेली असते. या सीटची घडण घट्ट, शरीराला धरून ठेवणारी आहे. वळणावर जो गुण असतो तोच रहदारीत त्रास होतो. कारखान्यात नोंद पक्की होण्याची जी तारीख असते ती उलटून गेली की यात काही बदलता येत नाही, आणि पुढे संपूर्ण सीट बदलण्याखेरीज मार्ग राहत नाही.

कोलशेतला राहणारे एक दांपत्य गेल्या महिन्यात याच चौकशीसाठी घरी आले होते. त्यांना मी कोरा तक्ता दिला आणि सांगितले, की तो घरी बसून भरू नका. चाचणीची गाडी मागून घ्या आणि दुपारी चारला तीन हात नाक्याला जा. ते खरोखर गेले. परवा त्यांनी भरलेला तक्ता आणून दाखवला. सीटच्या हवेपुढे पत्नीच्या अक्षरात 'तीन हात नाका' आहे, लिफ्टपुढे त्यांच्या सोसायटीच्या फाटकाचे नाव आहे, आणि सिरॅमिक ब्रेकवर दोघांनी मिळून काट मारली आहे. स्पोर्ट एक्झॉस्टपुढची जागा अजून रिकामी आहे. त्यांची नोंद पक्की व्हायला नऊ दिवस उरले आहेत.