मे महिना, दोन लेकरं आणि गुडघाभर पाणी

मे महिना लागला आणि आमच्या घरात रोज एकच रड सुरू झाली: पाण्यात खेळायचं. थोरली सात वर्षांची, धाकटा चार. संभाजीनगरात आमच्याकडे नळ येतो त्या दिवशी पातेल्यांपासून कळशीपर्यंत सगळं भरून ठेवायची पद्धत, त्यामुळे 'खेळायला पाणी' म्हणजे आमच्या घरात चैनच. वॉटर पार्कची चौकशी केली. चौघांची तिकिटं, लॉकर, तिथलंच महागडं जेवण धरून हिशोब काही हजारांत गेला. वर मोठ्या घसरगुंड्यांना उंचीची अट, म्हणजे धाकट्यानं दिवसभर घोट्याएवढ्या पाण्यात बसायचं आणि त्याचे आपण पैसे मोजायचे. एका सार्वजनिक जलतरण तलावावरही जाऊन आले. फी परवडणारी होती, पण डॉक्टरांचा दाखला हवा, पोशाख-टोपी हवी, आणि चार वर्षांचं लेकरू बॅचमध्ये घेत नाहीत. थोरलीचं पुढच्या वर्षी बघू म्हणून परत फिरले.

सुट्टीत आजोळ आणि सासर तसंही करायचंच होतं. आजोळ पाचोडजवळ, सासर लातूरला. मग ठरवलं, याच वाटेवर जिथं जिथं लेकरांना पाण्यात बसवता येईल तिथं थांबायचं. अट एकच: पाणी गुडघ्याच्या वर नको आणि तळ दिसला पाहिजे.

प्रवास एसटीनं. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं, पाचच्या आतलं लेकरू फुकट. म्हणजे नवऱ्याचं एक, माझं आणि थोरलीचं मिळून एक. दोन तिकिटांत चौघं. थोरलीचं आधार कार्ड जवळ ठेवा, वयावरून वाद घालायची वेळ येत नाही.

पाचोडचा भाग मोसंबीचा. मामाची बागही मोसंबीचीच, विहिरीलगत सिमेंटचा हौद, त्यातून ठिबकला पाणी जातं. मला वाटलं होतं, उतरल्या उतरल्या लेकरं मोटारीच्या धारेखाली. मामा म्हणाला, "धार कुठली? लाइट रात्रीची हाय या टायमाला." शेतीपंपाची थ्री फेज वीज काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री, हे शहरात राहून मी साफ विसरले होते. लेकरं कोरड्या पाइपाकडे बघत बसली. तेव्हा कुणाच्या शेतावर जाणार असाल तर निघायच्या आधी फोन करून पहिला प्रश्न हाच विचारा: लाइट दिवसाची आहे का?

अर्थात रात्रीच्या लाइटचाही एक फायदा निघाला. मामानं रात्री हौद भरून ठेवला आणि सकाळी सातला ते पाणी इतकं गार की धाकटा पाय घालून किंचाळलाच. हौद माझ्या कमरेएवढा भरला होता. मामानं खालचा कॉक उघडला, पाणी बागेत सोडलं आणि धाकट्याला बाजूला उभं करून त्याच्या गुडघ्याशी पाणी आल्यावर कॉक बंद केला. मग आत उतरवलं. मापाची ही पद्धत मला फार आवडली. लेकराला पाण्याच्या मापात बसवण्यापेक्षा पाणीच लेकराच्या मापाचं करायचं. त्यांचं डुंबून झालं की तेच पाणी ठिबकनं झाडांना, त्यामुळे मनाला टोचणीही नाही. नियम दोनच: साबण लावायचा नाही, आणि माती-पाला आत टाकायचा नाही, कारण ठिबकचं फिल्टर चोंदतं. थोरलीनं तरी एक मूठ माती टाकलीच. मग तिला मामासोबत बसून फिल्टरची जाळी ब्रशनं घासावी लागली. ते तिला पाण्यात खेळण्यापेक्षाही जास्त आवडलं असावं.

तिसऱ्या दिवशी लाइट दिवसाची झाली. मोटार सुरू होताच लेकरं पाइपाच्या तोंडाशी धावली आणि मामानं दोघांनाही दंडाला धरून मागं ओढलं. काळा पाइप सकाळपासून उन्हात पडलेला, त्यातलं पहिलं पाणी चहाइतकं कढत येतं. मी बोट लावून बघितलं, लगेच काढलं. मिनिटभर ते वाहून जाऊ द्यायचं, मग गार येतं. शिवाय धारेला जोर असतो. धाकटा पाठ लावायला गेला आणि तोंडावरच पडला. मामानं पाइपाच्या तोंडाला गोणपाट गुंडाळून सुतळीनं बांधलं. धार फुटून पाऊस पडल्यासारखी पडायला लागली. पुढचे दोन तास कुणी जेवायलाही आलं नाही. मामीनं धपाटे आणि दही बांधावरच आणून दिलं.

शेतावर दोन गोष्टींची मात्र भीती बाळगाच. एक, मोटारीचा स्टार्टर. ओल्या हातानं, ओल्या पायानं त्या पेटीकडे कुणीही जायचं नाही, मोठ्यांनीही. दुसरी, शेततळं. २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि गावोगाव शेततळी झाली. शेतकऱ्याला मोठा आधार, पण लेकरांसाठी सापळा. दरवर्षी उन्हाळ्यात त्यात मुलं बुडाल्याच्या बातम्या येतात आणि त्यात पोहता येणारीही असतात. का, ते मामानं लेकरांना दाखवलं. शेजारच्या तळ्याच्या कुंपणाबाहेर काठावर, तळ्यात अंथरतात त्या काळ्या प्लास्टिकच्या कागदाचा एक जुना तुकडा उतारावर पडला होता. त्यावर त्यानं तांब्याभर पाणी ओतलं आणि आपली चप्पल ठेवली. चप्पल सर्रकन खाली गेली. "आता तू चढून दाखव," तो थोरलीला म्हणाला. तिनं हात-पाय मारले, बोटं रोवायला काहीच नाही, दर वेळी खाली. आत तर वर्षभराचं शेवाळ असतं. तेव्हापासून ती शेततळं दिसलं की धाकट्याचा हात पकडते. मी दहा वेळा ओरडून जे झालं नसतं ते त्या चपलेनं झालं. तुमच्या ओळखीच्यांचं शेततळं असेल तर काठावर गाठी मारलेला दोर आणि हवा भरलेली ट्यूब आहे का बघा, नसेल तर सांगा.

आजोळ नसेल तर कृषी पर्यटन केंद्र शोधा. पण लेकरांच्या उंचीचा हौद आहे का, हे आधी विचारा. कुणा ओळखीच्याकडे जात असाल तर रिकाम्या हातानं जाऊ नका, आणि ऐन उपसा चालू असताना दोन तास मोटार अडवूही नका.

एक दिवस पैठण. पहाटेच निघालो, साडेसातला गोदावरीच्या घाटावर. जायकवाडी धरणाच्या खालच्या अंगाला नदीत पाणी किती, हे वरून किती सोडलंय त्यावर, त्यामुळे तिथल्या फुलवाल्यांना किंवा नावाड्यांना विचारूनच पायऱ्या उतरलो. खालच्या पायऱ्या शेवाळलेल्या होत्या. मी आधी बसले, मग एक-एक पायरी बसूनच घसरत गेले आणि जिथं पाणी मांडीवर आलं तिथं थांबले. लेकरं माझ्या वरच्या पायरीवर. पाण्याकडे मोठ्या माणसानं बसायचं, लेकरांनी नाही, ही गोष्ट घाटावर बरेच जण उलटी करतात. निर्माल्य आणि प्लास्टिक बघून तोंडात पाणी घेऊ नका एवढंच बजावलं. नंतर घरी स्वच्छ पाण्यानं आंघोळ घातली.

साडेनऊनंतर मजा संपली. धाकटा चपला पायरीवर सोडून नदीकाठच्या वाळूत धावला आणि चार पावलांवर भोंगा पसरून उभा. पळत जाऊन कडेवर घेतला. शेजारच्या आजी हसून म्हणाल्या, "नाथांनीबी इथंच उचललं होतं गं लेकरू." तापल्या वाळूत रडणारं पोर एकनाथांनी उचलून घेतल्याची गोष्ट लहानपणापासून ऐकलेली, पण वाळू किती तापते ते मला त्या दिवशी कळलं. चपला पायांतून काढूच नका. पट्ट्यांच्या सँडल बऱ्या, पाण्यात वाहून जात नाहीत.

उन्हाच्या वेळात नाथांच्या वाड्यात गेलो. देव श्रीखंड्या नावाचा गडी होऊन नाथांकडे कावडीनं पाणी भरायचा तो रांजण तिथं आहे. नाथषष्ठीच्या आधी लोक तो भरतात, आणि भरून वाहिला की देव येऊन गेला असं मानतात. थोरलीनं विचारलं, "देवाच्या घरीपण नळ येत नव्हता का?"

संध्याकाळी नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय. १९७६ साली पूर्ण झालेलं धरण, सुमारे दहा किलोमीटर लांब मातीची भिंत, आणि पलीकडे पाणीच पाणी. धाकटा "समुद्र!" म्हणून ओरडला. इथं फक्त लांबून बघायचं. उन्हाळ्यात पाणी मागं सरतं तेव्हा काठ वरून वाळलेला दिसतो, खाली गाळ असतो. एका ठिकाणी नवऱ्याचा पाय पोटरीपर्यंत रुतला. बूट काढायला दोघं लागले. लेकराचं काय झालं असतं, यावर आम्ही घरी येईपर्यंत बोललो नाही. पाटाच्या कडेलाही तेच: सिमेंटचा उतार, वाहतं पाणी, वर यायला आधार नाही. संत ज्ञानेश्वर उद्यानाची कारंजी मी लहानपणी बघितलीत, पण बरीच वर्षं त्याची रया गेलेली. उद्यान सुरू असल्याची खात्री केल्याशिवाय लेकरांना कारंज्याचं आमिष दाखवू नका.

बीडला गाडी बदलायला दीड तास होता. खजाना विहीर गावाबाहेर, शिवाय ती बघायची विहीर, खेळायची नाही, आणि दुपारचा दीड वाजलेला. रसवंतीत बसून राहिलो. बिनबर्फाचा रस मागा.

तुळजापूरला मुक्काम केला तो गोमुखासाठी. गोमुख तीर्थावर पाण्याची धार पडत असते, भाविक हातपाय धुतात, अंघोळही करतात. पहाटे साडेपाचला गेलो. दगडी पायऱ्या अजून गार होत्या. धार अंगावर घ्यायची, मग दर्शन, असा क्रम असल्यानं तिथं रेंगाळून खेळता येत नाही. पण आमच्या दोघांनी मिळालेल्या पाच मिनिटांचं सोनं केलं. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा. त्या गर्दीत ओल्या पायऱ्यांवर लहान लेकरू सांभाळणं अवघड. कोरडे कपडे वरच्या पिशवीत ठेवा. मी तळाशी ठेवले होते, अख्खी पिशवी मंदिराच्या वाटेवर उपसली.

लातूरला पोचलो तेव्हा लेकरांचे गाल रापलेले आणि दोघांची तोंडं सुरू: इथं कुठं खेळायचं? मी बाजारातून २५० रुपयांचा प्लास्टिकचा मोठा टब आणला आणि सासूबाईंसमोर ठेवताना जरा चाचरलेच. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर. तेव्हा सासूबाई घागर घेऊन रांगेत उभ्या होत्या. त्या घरात आजही तांदूळ धुतलेलं पाणी फेकत नाहीत.

त्यांनी टबाकडे बघितलं, मग लेकरांकडे. "किती बादल्या बसतात?"

"चार."

"तीन भर. आणि टब तिकडं मोगऱ्याच्या वाफ्याशी लाव."

सावलीत टब, संध्याकाळचे साडेपाच, तीन बादल्या. तासभर दंगा चालला, निम्मं पाणी वाफ्यात सांडलं. उरलेलं सासूबाईंनी स्वतः मगानं उपसून कुंड्यांना घातलं, शेवटचे दोन मग त्यांनी धाकट्याच्या डोक्यावर ओतले, आणि मला म्हणाल्या, "उद्या चार भर."