तितर नीट दिसेपर्यंत

दिवे घाट चढून सासवडच्या बाजूला गेलं की सकाळी तितर ऐकू येतोच. दिसत मात्र नाही. माझी कैक वर्षं अशीच गेली. यादीत नोंद 'आवाज' अशी, आणि प्रत्यक्षात पाहिलं काय, तर तरवडाच्या झुडपात घुसणारा एक तपकिरी पार्श्वभाग. गेल्या हिवाळ्यात ठरवलं की बाकीचे पक्षी राहू देत, हा एकच नीट बघायचा, आणि आपल्या पठारावरच्या दोन्ही जाती न अडखळता सांगता येईपर्यंत सोडायचं नाही.

दोन जाती म्हणजे राखी तितर आणि रंगीत तितर. राखी सगळीकडे: माळावर, शेताच्या बांधावर, गावाच्या उकिरड्याशेजारीसुद्धा. रंगीत जरा निवडक, त्याला उंच गवत आणि मधूनमधून झाडं लागतात. पण त्याआधी तितर आणि लावा यांचा घोळ निस्तरावा लागतो, कारण नवख्या माणसाला गवतातून उडालेलं काहीही तितरच वाटतं. लावा मुठीएवढा. तो दबून बसतो, आपला पाय अगदी जवळ पडेपर्यंत हलत नाही आणि मग अख्खा थवा फर्रकन दाही दिशांना उधळतो. तितर जवळजवळ दुप्पट लांबीचा, सुमारे ३० सेंटिमीटर, आणि त्याचा भरवसा पायांवर. मान खाली घालून पळत सुटतो. अगदीच कोंडी झाली तर उडतो, थोड्या अंतरावर उतरतो आणि उतरला की पुन्हा पळतो. म्हणून उडालेल्या जागी जाऊन शोधण्यात काही अर्थ नसतो. उडताना शेपटीच्या कडा तांबूस-विटकरी दिसल्या की राखी तितर समजायचा.

खरी मदत झाली ती मेंढरं राखणाऱ्या एका मामांची. मी दुर्बीण गळ्यात घालून भर उन्हात माळ तुडवत होतो. विचारलं, "मामा, तितरं कुठं दिसतात हो इथं?"

"आता कुठली दिसत्यात? ऊन झालं की सावलीला बसत्यात ती. दिस उगवायच्या आत या आन् त्या बोरीपाशी बसा गप. रातच्याला तितंच असत्यात."

"झाडावर?"

"मग? खाली निजल्यावर कोल्हा सोडतोय व्हय?"

जमिनीवर चरणारा, जमिनीवरच खळगा करून अंडी घालणारा हा पक्षी रात्री काटेरी झाडात बसतो, हे पुस्तकात मी वाचलं होतं. पण कुठल्या झाडात, ते मामांनाच ठाऊक. तेव्हापासून मी बोरी-बाभळींखालच्या विष्ठा बघायला लागलो. गाडीवाटेच्या फुफाट्यात पुढे तीन बोटं उमटलेले पाय आणि अंग घोळण्यासाठी केलेले उथळ खळगे दिसले की जागा पक्की.

दुसरी गोष्ट गाडीची. पायी माणूस दिसला की तितर गायब होतो, पण उभ्या गाडीला तो फारसा जुमानत नाही. बारामती तालुक्यात सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं. लोक तिथे चिंकारा बघायला जातात. मी त्याच्या बाहेरच्या कच्च्या रस्त्यावर, सूर्य पाठीशी ठेवून गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि काच अर्धी खाली घेऊन बसलो. आधी एकेक सुटा, हलका सूर आला. मग तो चढत गेला आणि 'क-टी-तर, क-टी-तर' असा खणखणीत गजर सुरू झाला. पलीकडच्या बांधावरून दुसऱ्याने उत्तर दिलं. थोड्या वेळाने एक जोडी उन्हं खायला थेट बांधावर आली.

इतक्या जवळून बघितल्यावर 'राखी' हे नाव कुणी दिलं असा प्रश्न पडतो. पाठ म्हणजे धनगरी घोंगडीच: तपकिरी, काळसर, पिवळट आडव्या रेघा आणि पिसांच्या मधोमध फिकट उभी रेघ. चेहरा तांबूस-पिवळा. गळा फिकट बदामी आणि त्याच्याभोवती बारीक, तुटक काळी कड. ही कड दिसली की दुसरं काही बघायला नको. छातीवर नाजूक आडव्या रेघा, पाय लालसर. एकाच्या पायामागे काटा स्पष्ट दिसत होता, म्हणजे तो नर. मादीला तो बहुधा नसतो. तो पायाने माती उकरून वाळवी टिपत होता. मी दुर्बीण जरा हलवली तशी 'खिर्र-खिर्र' ऐकू आलं आणि दोघंही बोरीत.

रंगीत तितरासाठी पावसाळ्यापर्यंत थांबावं लागलं. एरवी तो इतका गप्प असतो की शेजारी असून पत्ता लागत नाही. जूनच्या सरींनंतर मात्र नर उंचवट्यावर किंवा झाडाच्या खोडावर चढून ओरडतो, आणि तेव्हाच तो निवांत बघायला मिळतो. त्याची हाक वेगळी, घोगरी: 'चिक-चीक-केर्रे'. राखीची हाक लांबलचक मालिकेसारखी चालते, याची तुकड्यातुकड्यांनी येते. मला तो पुरंदरच्या पायथ्याच्या बाजूला, पाऊस जरा जास्त असतो तिथे मिळाला. भुरभुर पावसात एका खैराच्या खालच्या फांदीवर उभा. चेहरा नारिंगी-तांबूस, गळ्याभोवती काळी कड नाही, आणि काळपट छाती-पोटावर पांढरे ठिपके दाट पसरलेले. पायाला काटा नाही. या जातीत तो नरालाही नसतो.

जाता जाता एक बोलतो. मोबाइलवर आवाज लावून तितर बाहेर काढणं सोपं आहे, नर लगेच चवताळून येतो. पण ऐन विणीच्या दिवसांत त्याला खोट्या प्रतिस्पर्ध्याशी भांडायला लावायचं, मादी अंड्यांवर असताना, हे मला पटत नाही. शिवाय पाळलेला तितर पिंजऱ्यात ठेवून त्याच्या हाकेवर रानातले पकडायची चाल जुनीच आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारही गुन्हा आणि पाळणंही, तरी हे चालतं. म्हणून रंगीत तितराची नेमकी जागा मी नकाशावर टाकत नाही. कुणी खरंच बघायला निघालं तर मी सांगतो ते एवढंच: गवतात गाडी घालू नका, चंडोलांची घरटीही तिथेच असतात. आणि आधी वाटेत भेटणाऱ्या मेंढपाळाला विचारा.

रंगीतची मादी अजून मनासारखी दिसलेली नाही. तिचा गळा नरापेक्षा फिकट असतो म्हणतात. येत्या पावसाळ्यात तेवढं बघायचंय.