नानांच्या संगणकाचा आवाज कुठे गेला

अमळनेरला संगणक दुरुस्तीचे काम करताना आवाज गेल्याच्या तक्रारी मला नव्या नाहीत, आणि त्या बहुधा घाईच्याही नसतात. पतसंस्थेतला किंवा एखाद्या सेवा केंद्रातला संगणक मुका झाला तरी पावत्या छापल्या जातात, अर्ज भरले जातात, आणि तक्रार करणारा स्वतःच 'सवडीने या' असे सांगतो. पारोळा तालुक्यातील एका गावच्या सार्वजनिक ग्रंथालयातून गेल्या मे महिन्यात आलेला फोन मात्र वेगळा होता. तेथे ग्रंथांच्या नोंदी ठेवणारे नाना जन्मापासून दृष्टिहीन आहेत. त्यांच्या टेबलावरील संगणकावर उबुंटू २२.०४ ही लिनक्स प्रणाली आहे आणि त्यातील ऑर्का हा पडदावाचक पडद्यावरील मजकूर त्यांना मोठ्याने वाचून दाखवतो. दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, किंमत हे सारे ते इन्स्क्रिप्ट कळफलकावर स्वतः टंकतात आणि कानांनी तपासतात. म्हणजे आपल्या दृष्टीने ज्याला आवाज जाणे म्हणतात, ते त्यांच्या दृष्टीने पडदा काळा होण्यासारखे होते.

फोनवर ते एवढेच म्हणाले, "भाऊ, कालपासून मशीन बोलत नाही. सुरू होते, पंखा फिरतो, पण बोलत नाही."

अशा वेळी आम्हा दुरुस्तीवाल्यांच्या तोंडात पहिला प्रश्न ठरलेला असतो: पडद्यावर काय दिसते? तो येथे निरुपयोगी होता. ग्रंथपाल बाहेरगावी होते, शिपाई दुपारनंतर येणार होता, आणि खोलीत नानांशिवाय कोणी नव्हते. म्हणून जे काही करायचे ते नानांच्या बोटांनी आणि कानांनीच करावे लागणार होते. मी त्यांना सुपर (विंडोजच्या चिन्हाची कळ), ऑल्ट आणि एस या कळा एकत्र दाबायला सांगितल्या, कारण उबुंटूच्या ग्नोम या पडद्यावरील मांडणीत पडदावाचक बंद-चालू करण्याची ती किल्लीजोडी आहे. काही फरक पडला नाही. नंतर कंट्रोल, ऑल्ट आणि टी दाबून टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकायची खिडकी, उघडायला, थोडे थांबून 'स्पीकर-टेस्ट' ही आज्ञा इंग्रजी कळफलकावर टंकायला आणि फोन स्पीकरजवळ धरायला सांगितले. ही आज्ञा चालली की पावसासारखा एकसारखा खरखराट ऐकू यायला हवा. तसे काही आले नाही. नाना मात्र म्हणाले की एंटर दाबल्याबरोबर डाव्या स्पीकरमध्ये बारीकशी 'टक्' होते, आणि आज्ञा थांबवून थोडा वेळ जाऊ दिला व ती पुन्हा चालवली की पुन्हा होते.

मला फोनमधून ती टक् ऐकू आली नव्हती. परंतु निदानाच्या दृष्टीने त्या दिवसातली सर्वांत मोलाची माहिती तीच होती. मदरबोर्डवरील ध्वनी-चिप काही सेकंद काम नसले की वीज वाचवण्यासाठी झोपते, आणि आवाज पाठवायला सुरुवात केली की जागी होताना तिच्या वाटेवरच्या स्पीकरमध्ये असा बारीक ठोका उमटतो. ठोका उमटत होता, त्या अर्थी प्रणालीच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, चिप दिसत होती, ती चालवणारा ड्रायव्हर भरला जात होता, स्पीकरला वीज होती आणि त्याची वायर मागच्या हिरव्या छिद्रात नीट बसलेली होती. उबुंटू २२.०४ मधला आवाज प्रोग्रामपासून तो कुठे पाठवायचा हे ठरवणाऱ्या पल्सऑडिओकडे, तेथून कर्नलमधील अल्सा या ध्वनी-विभागाकडे आणि अल्साकडून चिपकडे जातो. आवाज चिपच्या दारापर्यंत पोहोचत होता आणि दारातूनच दुसरीकडे वळत होता. तेव्हा 'आवाज का येत नाही' यापेक्षा 'आवाज कुठे जातो' हे शोधायला मी निघालो.

मी पारोळ्याला जाणाऱ्या एस.टी.त बसल्यावर नानांनी पुन्हा फोन केला. आदल्या दिवशी ग्रंथालयाला नवा मॉनिटर मिळाला होता आणि तो बसवायला आलेल्या गृहस्थांनी सगळ्या वायरी काढून, धूळ झटकून पुन्हा जोडल्या होत्या. मशीन बोलत नाही हे कळल्यावर त्यांनीच जाता जाता सल्ला दिला होता, 'फॉरमॅट मारून विंडोज टाका.' हा सल्ला आमच्या धंद्यात इतक्या सहजपणे दिला जातो की त्याची चीड येते. येथे तर फॉरमॅट मारल्याने ऑर्काची मांडणी, नानांनी हळूहळू बसवलेला वाचनाचा वेग, शब्दांच्या उच्चारांची त्यांनी केलेली यादी, हे सर्व पुसले गेले असते आणि दोष जागच्या जागी राहिला असता. तो दोष कशात होता हे मला तेव्हा ठाऊक नव्हते, पण ठोका ऐकू येत असताना प्रणाली पुसण्याचे काहीच कारण नव्हते.

ग्रंथालयात पोहोचलो तेव्हा दुपारचे ऊन पत्र्यावर आले होते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि कुलर चालू असला तर त्याच्या आवाजात दुसरे काही ऐकू येत नाही. नानांनी मी येण्याआधीच तो बंद करून ठेवला होता. नव्या मॉनिटरवर पहिली नजर टाकली ती त्याच्या वायरीकडे. ती एचडीएमआय होती. जुना मॉनिटर व्हीजीए वायरीवर होता, आणि त्या वायरीतून फक्त चित्र जाते. एचडीएमआयमधून चित्राबरोबर आवाजही जातो. या मशीनमध्ये एचडीएमआयचा आवाज आणि मागच्या छिद्रांचा आवाज ही पल्सऑडिओच्या दृष्टीने एकाच ध्वनी-कार्डाची दोन प्रोफाइल, म्हणजे आवाजाचे दोन ठरीव मार्ग, होती, आणि एका वेळी त्यांपैकी एकच चालू राहते. संगणक सुरू होताना स्पीकरची पिन लावलेली नसेल आणि मॉनिटर जोडलेला असेल, तर आवाज मॉनिटरकडे वळणे स्वाभाविक आहे. या मॉनिटरला स्पीकर नव्हते. ज्या वस्तूचा नानांना काडीचाही उपयोग नव्हता, तीच त्यांचा आवाज गिळत होती, असा निष्कर्ष काढून काम संपवण्याचा मोह कोणालाही झाला असता.

परंतु नानांच्या टक् या ठोक्याचा मेळ त्याच्याशी बसत नव्हता. आवाज मॉनिटरकडे जात असेल तर मागच्या स्पीकरमध्ये ठोका उमटायला नको. पल्सऑडिओच्या 'पॅक्टल' या आज्ञेने चालू मार्ग विचारला, तेव्हा उत्तरही तसेच आले: प्रोफाइल अॅनालॉगचे, म्हणजे स्पीकर-हेडफोनच्या छिद्रांचे होते, एचडीएमआयचे नव्हतेच. मात्र त्याखाली चालू पोर्ट, म्हणजे आवाज बाहेर पडण्याचे छिद्र, म्हणून हेडफोन लिहिलेले होते, आणि हेडफोन 'उपलब्ध' असल्याची नोंद होती. मी कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला पाहिले. तेथे काहीही लावलेले नव्हते. 'एमिक्सर' या आज्ञेने अल्साकडे थेट चौकशी केली. पुढच्या हेडफोन जॅकची स्थिती 'ऑन' होती. म्हणजे रिकाम्या छिद्रात हेडफोन आहे, असे खुद्द चिपच सांगत होती.

हे कसे घडते ते समजण्यासारखे आहे. इंटेलने २००४ मध्ये आणलेल्या एचडी ऑडिओ पद्धतीत प्रत्येक जॅकमध्ये, म्हणजे पिनच्या छिद्रात, एक छोटी कळ (स्विच) असते. पिन आत गेली की ती कळ मिटते आणि ठरावीक किमतीचा रेझिस्टर एका सामायिक तारेला जोडला जातो. ३९.२, २०, १० आणि ५.१ किलोओहम अशा चार वेगळ्या किमती असल्याने त्या एकाच तारेवरून कोणत्या छिद्रात पिन बसली हे चिपला कळते. हेडफोन लागला की मागचे स्पीकर आपोआप गप्प करायचे, ही अल्सामिक्सर या आवाज-नियंत्रकात 'ऑटो-म्यूट मोड' या नावाने दिसणारी सोय त्याच माहितीवर चालते. चिपची चूक नव्हती. कळ खरोखरच मिटलेली होती. ती कशाने मिटली एवढाच प्रश्न उरला होता.

मी अल्सामिक्सरमध्ये ऑटो-म्यूट बंद केले आणि पोर्ट बदलून मागच्या लाइन-आउटवर, म्हणजे स्पीकरच्या हिरव्या छिद्रावर, आणले. लगेच ऑर्का बोलू लागला, आणि तोही इतक्या वेगाने की एकाही शब्दाचा मला अर्थ लागेना. नाना हसले नाहीत. त्यांनी मान तिरकी करून वाक्य पूर्ण होऊ दिले आणि मग विचारले, "हे उद्यापर्यंत टिकेल का?" प्रश्न रास्त होता. कळ मिटलेली असेपर्यंत पल्सऑडिओ पुढच्या सुरुवातीला पुन्हा हेडफोनच निवडण्याची शक्यता होती.

मी टॉर्च लावून पुढच्या जॅकमध्ये डोकावत होतो. आत काळोखाशिवाय काही दिसत नव्हते. नानांनी ड्रॉवरमधून आपला जुना हेडफोन काढला, चाचपडत छिद्र शोधले आणि पिन घातली. ती अर्धवट जाऊन थांबली. त्यांनी ती काढली, शेजारच्या माइकच्या छिद्रात घातली. तेथे ती शेवटपर्यंत गेली. "आत काहीतरी शे (आहे)," असे ते आमच्या अहिराणीत म्हणाले, आणि टॉर्चने जे दिसले नव्हते ते तेवढ्यात स्पष्ट झाले.

उलगडा संध्याकाळी झाला, अभ्यासिकेतली मुले आल्यावर. स्पर्धा परीक्षेचे अर्ज भरण्यासाठी नाना गेल्यावर हा संगणक त्यांना वापरायला मिळतो. एका मुलाने आदल्या संध्याकाळी व्याख्यानाचा व्हिडिओ लावला होता. आवाज येईना म्हणून त्याने आपला इअरफोन पुढच्या छिद्रात लावला आणि त्यात आवाज आला. तो येणारच होता, कारण पिन आत जाताच पल्सऑडिओने एचडीएमआय सोडून हेडफोन निवडला होता. जाताना घाईत वायर ओढली गेली, आणि पिनचे पुढचे टोक तुटून आत राहिले. मॉनिटरमुळे आवाज गेला, आवाज गेल्यामुळे इअरफोन लागला, आणि इअरफोनच्या तुटक्या टोकाने पहिला दोष झाकून दुसरा उभा केला. त्या मुलाने हे लपवले नव्हते. त्याला कोणी विचारलेच नव्हते. नानांनी त्याला रागावण्याऐवजी व्हिडिओ किती वाजता लावला होता एवढेच विचारले.

वीज बंद करून कॅबिनेट उघडले आणि पुढच्या पॅनेलकडून मदरबोर्डवर येणारा ऑडिओचा छोटा कनेक्टर आधी काढला. त्यानंतर मशीन सुरू केल्यावर जॅकची स्थिती 'ऑफ' झाली, म्हणजे निदान पक्के झाले. तुटके टोक काढायला बॉलपेनची रिकामी रिफील कामी आली: तिचे तोंड किंचित गरम करून टोकावर हलकेच दाबले, थंड होऊ दिले, आणि ओढले. असे करताना घाई केली तर टोक आणखी आत जाते. फेव्हिक्विकने टोक चिकटवून ओढण्याचा मोहही टाळावा. एक थेंब चुकला की जॅक कायमचा जातो. कनेक्टर पुन्हा लावला, ऑटो-म्यूट पुन्हा चालू केले, कारण नानांना कधीमधी हेडफोन लागतो आणि तेव्हा स्पीकर गप्प व्हायलाच हवेत.

मात्र मॉनिटरचा प्रश्न तसाच होता. कोणी पुन्हा वायरी काढल्या की तो उद्भवणार, आणि त्या वेळी पडद्यावरची सूचना वाचून आवाजाचा मार्ग बदलणे नानांना शक्य नव्हते. म्हणून पॅक्टलच्या तीन ओळींची एक छोटी फाइल केली: प्रोफाइल अॅनालॉगवर आणायचे, पोर्ट लाइन-आउट करायचे, आवाज साठ टक्के ठेवायचा. शेवटी ई-स्पीक एनजी या मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या मराठी आवाजात 'आवाज सुरू' एवढे दोन शब्द बोलायचे. ही फाइल लॉगिन होताच चालेल असे केले, आणि शिवाय तिला एक किल्लीजोडी दिली. कोणत्या कळा ठेवायच्या हे मी नानांना विचारले. त्यांनी चुकून दाबल्या जाणार नाहीत पण एका हाताने सापडतील अशा निवडल्या.

मी पिशवी आवरत असताना त्यांनी टर्मिनल उघडून प्रोफाइल एचडीएमआयवर नेण्याची आज्ञा मला अक्षरे विचारत स्वतः टंकली. ऑर्का अर्ध्या शब्दावर गप्प झाला. खोलीत थोडा वेळ काहीच ऐकू येईना. मग त्यांनी किल्लीजोडी दाबली, दोन शब्द उमटले आणि ऑर्का पुन्हा बोलू लागला. त्यांनी तेच परत केले, या वेळी स्पीकरची पिनही काढून आणि लावून. समाधान झाल्यावर मला म्हणाले की पारोळ्याची शेवटची गाडी चुकवू नका, आणि दोन दिवसांच्या राहिलेल्या दाखल नोंदींकडे वळले.