हेरेसच्या वहीतलं दुसरं आडनाव

मेक्सिकोतल्या साकातेकास शहराहून हेरेस गावाला बसने तासभर लागतो. सासूबाई वाटभर आजीचा कागद मांडीवर धरून बसल्या होत्या. १९१२ साली, क्रांतीच्या धामधुमीत, त्यांची आजी रेल्वेने सीमा ओलांडून अमेरिकेतल्या एल पासोला गेली, तेव्हाचा तो कागद. त्यावर एकच आडनाव आहे, इबार्रा. मेक्सिकोत प्रत्येकाला दोन आडनावं असतात, आधी वडिलांचं आणि मग आईचं, आणि लग्नानंतरही बाईची ती सुटत नाहीत. आजीचं दुसरं मात्र सीमेवरच राहिलं. तेच शोधायला आम्ही हेरेसच्या चर्चकडे निघालो होतो.

इबार्राचा घरात फार अभिमान. उत्तर स्पेनकडच्या बास्क भाषेत 'इबार' म्हणजे खोरं. शिवाय १५४६ साली चांदी सापडल्यावर साकातेकास वसवणाऱ्यांत एक दिएगो दे इबार्रा होता. नुसत्या आडनावावरून नातं जुळत नाही, हे मी हळूच सांगून पाहिलं होतं.

चर्चच्या ऑफिसातल्या बाईंनी बाप्तिस्म्याची वही समोर ठेवली. शाई तपकिरी झालेली, अक्षर तिरकं आणि लांबच लांब शेपट्यांचं. एका नोंदीत मूल, आईवडील, दोन्हीकडचे आजी-आजोबा, सगळे असतात. दीड तासाने आमची नोंद सापडली. आजीच्या आईचं आडनाव: दे ला क्रूस.

क्रुसाची. आमच्या मराठीतही शब्द तोच. मी वसईची, माहेरची परेरा. पोर्तुगीजमध्ये परेरा म्हणजे नासपतीचं झाड, आणि आमच्या वाडीत नारळ, केळी, पानवेली. त्यामुळे ही ओळ वाचताना माझ्या पोटात कालवलं. इथल्या मूळ रहिवाशांना, आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना बाप्तिस्म्याच्या वेळी अशी आडनावं सर्रास दिली जात. त्याआधी त्या घराण्याला काय म्हणत, ते या नोंदीत कुठेच नाही. स्पॅनिश अमलातल्या वह्यांत माणसापुढे 'एस्पान्योल' (स्पॅनिश), 'इंदियो' (मूळ रहिवासी), 'मुलातो' (आफ्रिकन-युरोपीय मिश्र वंशाचा) असं लिहीत. १८२२ मध्ये ती प्रथा कायद्याने बंद झाली. चांगलंच झालं म्हणायचं, पण आमचा धागा तिथे तुटला. पुढचं कळायचं तर एकेक पिढी मागे जात त्या जुन्या वह्यांपर्यंत पोचायला हवं.

दुपारी ऑफिस बंद झालं. चौकातल्या बाकावर सासूबाई आजीचं पूर्ण नाव पुटपुटत होत्या, दोन्ही आडनावांसकट, पुन्हा पुन्हा. चारला दार उघडताच त्या माझ्याही पुढे आत शिरल्या आणि म्हणाल्या, "आता तिच्या आईच्या लग्नाची नोंद बघायचीय."