पांढऱ्या टेपवर जडलेला जीव

सिनेमाच्या धंद्यावरची हलकीफुलकी प्रेमकथा बघताना आपण हमखास विसरतो की, नायिका इतक्या मायेनं ज्याच्याकडे बघतेय तो नायक शूटिंगच्या वेळी बऱ्याचदा तिथे नसतोच.

ठाण्यात उपवन तलावाच्या काठी एक बाक. त्यावर सिनेमातला सहायक दिग्दर्शक, शेजारी कपडेपट सांभाळणारी ती, हातात दोन कटिंग. दोन पानांचा सीन, म्हणजे पडद्यावर साधारण दोन मिनिटं. शूटिंगला मात्र अर्धी शिफ्ट सहज जाते. तलाव दिसणारा मास्टर, म्हणजे दोघं आणि सगळी जागा मावणारा शॉट, आधी उरकायचा, कारण इथे सूर्य येऊरच्या डोंगराआड जातो तो पंचांगातल्या सूर्यास्ताच्या आधीच. मग एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा चेहरा घेणारं सजेशन, नुसत्या चेहऱ्याचा क्लोज सगळ्यात शेवटी. क्लोजमध्ये मागचं वीतभरच दिसतं. अंधारून आलं तरी लाइट लावून तेवढी संध्याकाळ उभी करता येते.

तिच्या क्लोजला त्यानं लेन्सला गाल लावून बसायचं. जितका जवळ, तितके तिचे दोन्ही डोळे नीट मिळतात. पण तिथेच लाइटचा स्टँड हवा असतो, नाहीतर नायकसाहेब व्हॅनमध्ये असतात. मग लेन्सपुढच्या चौकटीच्या, मॅट बॉक्सच्या, कडेला पांढऱ्या टेपचा तुकडा चिकटतो आणि युनिटमधला कुणीतरी खराखुरा असिस्टंट त्याचे संवाद वाणसामानाची यादी वाचावी तसे वाचतो. ती टेपवर जीव ओवाळून टाकते. टेप भलत्या बाजूला लागली, तर जोडल्यावर दोघंही एकाच दिशेला बघतात आणि प्रेम तिसऱ्याच कुणावर आहे असं वाटतं. हे एडिटला कळतं तेव्हा बाक जागच्या जागी असतो, कलाकारांच्या तारखा नसतात.

चहाचे नखरे वेगळेच. ‘साखर कमी आहे’ म्हणताना मास्टरमध्ये ग्लास अर्धा असेल, तर क्लोजलाही त्या वाक्यावर अर्धाच हवा. म्हणून दर कटनंतर फोटो निघतो आणि स्पॉटदादा थर्मास घेऊन तयार असतात. वाफ दिसायला नुसता गरम चहा पुरत नाही. मागून लाइट आणि त्यामागे काळोख लागतो. पांढऱ्या भिंतीपुढे उकळता चहाही निवलेला दिसतो.

विनोदाचा मात्र क्लोज वैरीच. भांडणाची गंमत एकमेकांचं वाक्य तोडण्यात, आणि क्लोजमध्ये वाक्यावर वाक्य चढलं की एडिटला आवाज सुटा करता येत नाही. म्हणून ‘ओव्हरलॅप नको’ अशी तंबी मिळते, जोडी शहाण्यासारखी आळीपाळीनं भांडते आणि हशा मरतो. त्यापेक्षा सरळ दोघं एकत्र दिसणारा टू-शॉट घ्यावा, दोघांच्या कपड्यांना वेगवेगळे छोटे लेपल माइक लावावेत. त्याचंही दुखणं आहेच, मिठी मारली की कापड घासून खरखर. १९५२च्या ‘सिंगिंग इन द रेन’मध्ये सिनेमातल्या सिनेमाच्या नायिकेच्या पोशाखात दडवलेल्या माइकमधून तिच्या काळजाची धडधड ऐकू येते. तो विनोद अजून शिळा झालेला नाही.

सगळ्यात शेवटी रूम टोन. ३० सेकंद सगळ्यांनी असतील तिथे, असतील तसे गप्प उभं राहायचं. काठाचा हा नुसता आवाज पुढे संवादांमधल्या फटी बुजवायला लागतो. नेमके तेव्हाच साहेब व्हॅनमधून उतरतात. ती वळून बघते, आता खरोखर त्याच्याकडे. दोघांनाही बोलायची सोय नाही. सव्विसाव्या सेकंदाला येऊरवरून उतरणारी रिक्षा हॉर्न मारते.

पुन्हा पहिल्यापासून.